डोस वाढवण्याआधी इन्सुलिन टोचणारा हात बघा

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या इन्सुलिनला युरोपात २०२४ मध्ये परवानगी मिळाली आणि तेव्हापासून नव्या इन्सुलिनच्या बातम्या सतत येत आहेत. बातमी वाचून डॉक्टरांकडे जाणाऱ्यांची तक्रार बहुधा ठरलेली असते. ‘आत्ताचं इन्सुलिन मला लागूच पडत नाही, ते नवीन द्या.’ डोस वाढत वाढत साठ युनिटवर गेलेला असतो, तरी सकाळची शुगर अडीचशे. मधेच एखाद्या दुपारी काही कारण नसताना घाम फुटतो, हातपाय थरथरतात.

अशा वेळी औषध बदलण्याआधी एक तपासणी करायला हवी. तिला यंत्र लागत नाही, पाच मिनिटं पुरतात. पेशंटला त्याच्याच इन्सुलिनच्या पेनाने किंवा सिरिंजने, नेहमी घेतो तसं इन्सुलिन घेऊन दाखवायला सांगायचं आणि ते बघत बसायचं. नंतर पोटावरची नि मांडीवरची त्वचा हाताने चाचपायची. बिघडलेल्या शुगरमागे चुकीचं औषध असण्यापेक्षा चुकीचा हात असण्याची शक्यता बरीच मोठी असते आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. हा लेख इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आहे, तितकाच ते शिकवणाऱ्या नर्स, डॉक्टर आणि फार्मासिस्टसाठीही आहे.

इन्सुलिन नेमकं कुठे जायला हवं?

वर त्वचा, तिच्याखाली चरबीचा थर, त्याखाली स्नायू. इन्सुलिन मधल्या थरात, म्हणजे चरबीत, जायला हवं. तिथून ते ठरावीक वेगाने रक्तात उतरतं. स्नायूत गेलं तर फार लवकर शोषलं जातं आणि शुगर अचानक खाली येते. त्वचेतच राहिलं तर गळतं, दुखतं.

लठ्ठ माणसाला लांब सुई लागते हा समज दवाखान्यांतही आढळतो. माणूस बारीक असो की जाड, त्वचेची जाडी साधारण दोन ते अडीच मिलिमीटरच असते. बदलते ती खालची चरबी. त्यामुळे ४ मिलिमीटरची पेनाची सुई जवळजवळ सगळ्या प्रौढांना पुरते. ती सरळ, काटकोनात टोचायची, चिमूट धरावी लागत नाही. अगदी कृश माणसं आणि लहान मुलं यांनी मात्र या सुईलाही चिमूट धरावी. ६ किंवा ८ मिलिमीटरची सुई असेल, आणि सिरिंजला ती बहुधा असतेच, तर चिमूट धरावी आणि अंग बारीक असेल तर सुई तिरकी घालावी. चिमूट अंगठा आणि एक-दोन बोटांची हवी. सगळी मूठ भरून धरली की चरबीबरोबर स्नायूही वर येतो, आणि ज्यासाठी चिमूट धरली तेच फसतं. सुई बाहेर काढल्यावरच चिमूट सोडायची.

जागा चार. पोट (बेंबीभोवतीची दोन बोटं सोडून), मांडीचा पुढचा-बाहेरचा वरचा भाग, नितंबाचा वरचा-बाहेरचा भाग आणि दंडाची मागची बाजू. दंडावर स्वतःचं स्वतः टोचताना चिमूट धरता येत नाही, म्हणून एकट्याने घेणाऱ्यांनी पोट आणि मांडीच धरून चालावं. साध्या मानवी (शरीरात बनतं तशाच रचनेच्या) इन्सुलिनचं शोषण पोटातून सगळ्यांत लवकर आणि मांडी-नितंबातून हळू होतं. आज सकाळी पोटावर, उद्या सकाळी मांडीवर असं केलं तर डोस तोच राहूनही शुगर वेगळी येते. सकाळची जागा रोज सकाळी तीच आणि रात्रीची रोज रात्री तीच ठेवावी. त्या भागातल्या भागात मात्र टोचायचा बिंदू रोज सरकायला हवा. त्याबद्दल पुढे.

एकाच आकड्याचे दोन अर्थ

इन्सुलिन ‘युनिट’मध्ये मोजतात. एका मिलिलिटरमध्ये किती युनिट भरली आहेत, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. पेनातलं नेहमीचं इन्सुलिन यू-१००, म्हणजे मिलिलिटरला १०० युनिट. काही देशांत बाटलीतलं इन्सुलिन अजून यू-४० मिळतं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. यू-४० ची टोपी सहसा लाल आणि यू-१०० ची नारिंगी असते.

अदलाबदल झाली की काय होतं ते आकड्यांतच बघा. डॉक्टरांनी २० युनिट सांगितली. यू-४० ची सिरिंज घेऊन यू-१०० चं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर तो झाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. उलट झालं, म्हणजे यू-१०० च्या सिरिंजमध्ये यू-४० चं इन्सुलिन भरलं, तर अंगात फक्त ८ युनिट जातात. दोन्ही वेळा पेशंट शपथेवर सांगेल की मी वीसच घेतली, आणि ते खोटंही नसेल.

पेनातलं इन्सुलिन सिरिंजने ओढून घेऊ नये, त्याचंही कारण हेच. आता यू-२००, यू-३०० अशी दाट इन्सुलिनं पेनात येतात. आठवड्याचं इन्सुलिन तर मिलिलिटरला ७०० युनिट इतकं दाट आहे. पेनाच्या खिडकीतला आकडा दाटपणाचा हिशेब करूनच दाखवला जातो. सिरिंजला तो हिशेब माहीत नसतो.

लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. युनिटसाठी नुसतं इंग्रजी ‘यू’ अक्षर लिहू नका. घाईत काढलेलं ते अक्षर शून्यासारखं दिसतं आणि दहाचे शंभर होतात. ‘युनिट’ हा पूर्ण शब्द लिहा. चिठ्ठीवर इन्सुलिनचं पूर्ण नाव, दाटपणा, सुईची लांबी आणि टोचायची जागा लिहायला आणखी दहा सेकंद लागतात. ती द्यावीत.

पेन वापरताना कुठे चुकतं?

पेन सोपं दिसतं, म्हणून ते शिकवायचं राहून जातं. क्रम असा आहे.

हात धुवा. पेनावरचं नाव आणि मुदत वाचा. इन्सुलिन दुधाळ दिसणारं असेल (एनपीएच हे मध्यम काळ काम करणारं किंवा मिश्र इन्सुलिन), तर पेन दोन्ही तळव्यांमध्ये आडवं धरून दहा वेळा फिरवा, मग दहा वेळा वर-खाली उलटंपालटं करा. पांढरा साका तळाशी दिसत राहिला तर आणखी करा. जोरात घुसळू नका, फेस होतो. हे ढवळणं टाळलं तर कधी पातळ पाणी आणि कधी दाट साका अंगात जातो. ‘शुगर एक दिवस वर, एक दिवस खाली’ याचं हे एक अगदी साधं कारण आहे.

नवी सुई सरळ धरून फिरवून बसवा आणि दोन्ही टोप्या काढा. आतली छोटी टोपी तशीच ठेवून टोचणारे असतात! त्यांचं इन्सुलिन टोपीत राहतं. आता २ युनिट लावा, सुई वर करून बटण दाबा. टोकावर थेंब दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा. या थेंबामुळे सुई मोकळी आहे आणि आतली हवा निघाली आहे, हे दोन्ही कळतं. दोन युनिट वाया जातात म्हणून हे टाळणाऱ्याचा एखाद्या दिवशी पूर्ण डोसच वाया जातो.

मग डोस लावा, सुई पूर्ण आत घाला, बटण शेवटपर्यंत दाबा. खिडकीत शून्य आलं की लगेच सुई काढायची नाही. बटण दाबलेलंच ठेवून सावकाश दहापर्यंत मोजायचं. आतला रबरी दट्ट्या दाबाने चेपलेला असतो, तो पूर्ववत होईपर्यंत इन्सुलिन झिरपत राहतं. सुई लवकर काढली तर ते त्वचेवर थेंब होऊन ओघळतं.

शेवटी सुई लगेच पेनातून काढा. सुई लावलेलं पेन म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी वाट. गरम झालं की इन्सुलिन बाहेर येतं, गार झालं की हवा आत जाते. हवेचा बुडबुडा मोठा असेल तर तो दाबला जातो आणि पुढच्या वेळी दहा सेकंदही पुरत नाहीत.

सिरिंजवाल्यांसाठी थोडक्यात. जितकी युनिट काढायची तितकी हवा आधी बाटलीत सोडा, नाहीतर इन्सुलिन ओढलं जात नाही. सिरिंजमधला बारीक बुडबुडा जिवाला घातक नसतो, पण त्याने इन्सुलिनची जागा अडवलेली असते. स्वच्छ आणि दुधाळ अशी दोन इन्सुलिनं एकत्र घ्यायला सांगितली असतील तर आधी स्वच्छ काढा, मग दुधाळ. ग्लार्जिन हे दिवसभर काम करणारं इन्सुलिन दिसायला स्वच्छ असलं तरी कशातच मिसळायचं नाही. ते आम्लधर्मी द्रावणात ठेवलेलं असतं आणि त्याच आम्लतेवर त्याचा दिवसभराचा परिणाम अवलंबून असतो.

त्वचेखालच्या गाठी

सगळ्या लेखातला हा भाग नीट वाचा, कारण बिघाड इथेच लपतो.

इन्सुलिन चरबीच्या पेशींना वाढायला मदत करतं. एकाच जागी रोज टोचलं की तिथली चरबी फुगते, घट्ट होते आणि रबरासारखी लागते. वापरून बोथट झालेल्या सुईने त्यात भर पडते. अशा गाठींवर टोचलेलं कमी दुखतं, म्हणून पेशंटचा हात आपोआप पुन्हा तिथेच जातो. गाठीत टाकलेलं इन्सुलिन म्हणजे बेभरवशाच्या माणसाला दिलेले उसने पैसे: परत मिळतात, पण कधी आणि किती, ते त्याच्या मर्जीवर. म्हणून जेवणानंतर शुगर चढते आणि चार तासांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, घसरते.

स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ४३० जणांना तपासून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास दोन-तृतीयांश जणांना गाठी होत्या. गाठी असलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांची शुगर कारण न कळता खाली जात होती. गाठी नसलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. गाठीवाल्यांना दिवसाला सरासरी ५६ युनिट लागत होती, बाकीच्यांना ४१. म्हणजे रोजची पंधरा युनिट जास्त, आणि वर शुगरही बेभरवशाची.

गाठी पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना कळतात. पेशंटला उभं करून एकदा आणि आडवं करून एकदा बघावं. हाताला थोडं जेल लावून बोटं बाहेरच्या निरोगी भागातून आत सरकवत न्यावीत. घट्टपणा सुरू होतो तिथे बोट थबकतं. निरोगी त्वचेची चिमूट पातळ येते, गाठीची येत नाही. सापडलेल्या गाठीची कड लिहायच्या पेनाने आखून पेशंटला त्याच्या बोटांनी जाणवून द्यावी. एकदा बोटाला कळलं की पुढे त्याचं तोच तपासतो. वर्षातून एकदा ही तपासणी व्हायलाच हवी, आणि गाठ सापडली असेल तर प्रत्येक भेटीत.

इलाज एकच, तिथे टोचणं बंद. काही महिन्यांच्या विश्रांतीने गाठी मऊ पडत जातात. पण इथे धोका आहे, आणि तो पेशंटला आधी सांगितला नाही तर प्रकरण अंगावर येतं. गाठीतून निम्मंअर्धं शोषलं जाणारं इन्सुलिन निरोगी जागेतून पूर्ण शोषलं जातं. तोच डोस तिथे घेतला तर शुगर धाडकन उतरू शकते. जागा बदलताना डॉक्टर बऱ्याचदा डोस १० ते २० टक्के कमी करतात आणि काही दिवस शुगर जास्त वेळा तपासायला लावतात. स्वतःच्या मनाने जागा बदलून मोकळं होऊ नये.

गाठी होऊच नयेत यासाठी पोटाचे चार भाग मनात आखा आणि एका आठवड्याला एकच भाग वापरा. त्या भागात प्रत्येक टोचणी आधीच्या टोचणीपासून किमान एक बोट दूर. असं केलं तर एका बिंदूवर सुई परत यायला चार आठवडे जातात.

साठवण आणि वेळ

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली ३० अंशांखाली, उन्हापासून दूर, बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे चालते. काहींची मुदत जास्त असते, ती माहितीपत्रकात बघा. उघडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. थंडगार इन्सुलिन टोचताना झोंबतं, तेव्हा वापरातलं पेन फ्रिजबाहेर ठेवलेलंच बरं. स्वच्छ इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये ढवळूनही कण राहिले, तर ते वापरायचं नाही.

साधं मानवी इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात, कारण त्याचे रेणू सहा-सहाच्या गठ्ठ्यात असतात आणि गठ्ठा सुटल्याशिवाय रक्तात जात नाहीत. लिस्प्रो, अस्पार्ट ही नवी इन्सुलिनं लवकर सुटतील अशी घडवलेली आहेत. ती जेवणाच्या अगदी आधी किंवा पंधरा मिनिटं आधी घेतात. जुन्यावरून नव्यावर आलेला माणूस सवयीने अर्धा तास थांबला तर पहिला घास घेण्याआधीच त्याची शुगर उतरू शकते.

‘सुई तर मी चार-चार दिवस वापरतो, काही झालं नाही’

सुई एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते. तिच्यावरचा गुळगुळीत लेप पहिल्याच वेळी निघतो, टोक वाकतं, आत सुकलेल्या इन्सुलिनने भोक बुजतं. जंतुसंसर्ग क्वचितच होतो हे खरं, पण गाठींशी या सवयीचा संबंध आहे. परवडत नाही म्हणून कुणी पुन्हा वापरत असेल तर त्याला रागावून उपयोग नाही. पुढच्या वेळी तो लपवेल, एवढंच. किती वेळा वापरता ते मोकळेपणाने विचारावं, दुखायला लागली किंवा कुठे टेकली की लगेच टाकायला सांगावं आणि त्वचा जास्त काळजीने तपासावी.

पेन मात्र दुसऱ्याला द्यायचं नाही, घरातल्यालाही नाही आणि नवी सुई लावूनही नाही. टोचताना रक्ताचा अंश आत कार्ट्रिजपर्यंत, म्हणजे इन्सुलिनच्या नळीपर्यंत, येऊ शकतो. वॉर्डमध्ये एकच पेन सगळ्यांना वापरणं हा याच कारणाने गंभीर गुन्हा मानायला हवा.

स्पिरिट लावलंच पाहिजे असं नाही, त्वचा स्वच्छ असली की पुरे. लावलं तर वाळू द्या. टोचल्यावर थेंबभर रक्त आलं तर बिघडत नाही. जागा चोळू नका, चोळल्याने शोषण वाढतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात जमवा.

‘इन्सुलिन म्हणजे शेवटचा टप्पा, पुढे डोळे आणि किडनी जातात’

टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराची प्रतिकारशक्तीच नष्ट करते, तिथे पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागतं. टाइप २ मध्ये त्या पेशी वर्षानुवर्षं थकत जातात. निदान होतं तेव्हाच त्यांची सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते. इन्सुलिनची वेळ येणं हा पेशंटचा पराभव नव्हे. गरोदरपण, शस्त्रक्रिया, मोठा संसर्ग अशा वेळी ते तात्पुरतंही देतात.

डोळे-किडनीचं नुकसान बहुधा आधीच्या वर्षांतल्या चढ्या शुगरने झालेलं असतं आणि इन्सुलिन उशिरा आल्यामुळे बिल त्याच्या नावावर फाटतं. यात एक अपवाद सांगायला हवा. फार काळ चढलेली शुगर झपाट्याने खाली आणली तर डोळ्याच्या पडद्याचा आजार काही काळ वाढू शकतो, म्हणून आधी डोळे तपासून घ्यावेत. आणि इन्सुलिनची गरज आपोआप कमी होऊ लागली तर आनंदाआधी किडनीची तपासणी करा. शरीरातलं इन्सुलिन साफ करण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. ती मंदावली की तेच इन्सुलिन जास्त वेळ टिकतं.

शुगर उतरली तर

पहिलं इन्सुलिन हातात देण्याच्याच दिवशी हे शिकवायचं. शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, किंवा मोजता येत नसेल पण घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर जेवणाला वेळ असेल तर काही खाऊन घ्या. चॉकलेट इथे उपयोगाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. ५४ च्या खाली मेंदूला साखर कमी पडू लागते, तिथे थांबायला वेळ नसतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. ग्लुकागॉन (शुगर चढवणारं औषध) असेल तर द्या आणि दवाखाना गाठा.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. या पेशंटना घामाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा. आणि टाइप १ असलेल्याने ताप-उलट्यांत ‘खाल्लं नाही’ म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. आजारपणात शुगर चढते, इन्सुलिन नसेल तर रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात आणि जीव धोक्यात येतो.

‘एवढं शिकवायला ओपीडीत वेळ कुठे आहे?’

एका बैठकीत सगळं शिकवू नयेच. पहिल्या दिवशी डोस, टोचणं, साठवण आणि उतरलेली शुगर. दुसऱ्या भेटीत जागा बदलणं. आजारपण, प्रवास, व्यायाम नंतर.

‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून द्यावा, त्याला ‘हो’ शिवाय उत्तर येत नाही. ‘मी नीट सांगितलं का ते बघू, मला करून दाखवा’ असं म्हणावं. परीक्षा आपली होते, त्यामुळे पेशंट ओशाळत नाही. घरी टोचणारी व्यक्ती दुसरीच असेल तर तिला बोलवावं. मुलगी टोचते आणि आपण वडिलांना शिकवतो, असं सर्रास होतं. ज्यांना आकडे दिसत नाहीत ते पेनाची टकटक मोजतात, पण सगळ्या पेनांत एक टक म्हणजे एक युनिट नसतं.

दर १४ नोव्हेंबरला, इन्सुलिनचा शोध लावणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिनी, जगभर मधुमेह दिन होतो आणि शिबिरांत शुगर तपासली जाते. आधीच इन्सुलिनवर असलेल्यांसाठी तिथे एक पडदा, एक खाट आणि गाठी चाचपता येणारी एक नर्स ठेवली तर जास्त उपयोग होईल, असं माझं मत आहे.

पुन्हा शिकवायचे प्रसंग चार. निदान झाल्यावर, वर्षातून एकदा किंवा शुगर आटोक्यात नसेल तेव्हा, नवा आजार किंवा गुंतागुंत आल्यावर, आणि आयुष्य किंवा उपचार बदलल्यावर. शेवटच्यात पेनाचा किंवा सिरिंजचा प्रकार बदलणंही येतं. दुकानातून वेगळ्या रंगाचं, वेगळ्या नावाचं किंवा वेगळ्या आकड्याचं इन्सुलिन हातात आलं, तर पहिला डोस घेण्याआधी फार्मासिस्टला तीन गोष्टी विचारा: मिलिलिटरला किती युनिट, जेवणाआधी किती वेळ, आणि हे आधीच्याऐवजी घ्यायचं की आधीच्याबरोबर.